चालायला सांगण्याआधी चालायला जागा द्या

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य
आणि ग्रामसभेला येणारी व न येणारी समस्त मंडळी,
सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलढाणा



पत्राचा विषय आरोग्य आहे, पण घाबरू नका. कोमट पाणी प्या, रात्री आठच्या आत जेवा, मोड आलेली कडधान्यं खा, हे सगळं तुमच्या मोबाईलवर रोज येतं, आणि ते पाठवणारा बहुधा अंथरुणात पडल्या पडल्या पाठवतो. उपदेशाची टंचाई आपल्या भागात कधीच नव्हती. गाडगेबाबांनी गावोगाव खराटा चालवला, तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याला वेगळी जागा दिली. दोघेही आपल्याच वऱ्हाडातले. बाबांची एक गोष्ट मात्र आपण विसरलो. ते गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आपण कीर्तन ठेवलं आणि झाडणं सोडलं.

म्हणून हे पत्र डॉक्टरांना लिहिलं नाही, ग्रामसभेला लिहिते आहे. डॉक्टरांनी चालायला सांगायचं. कुठे चालायचं, ते ग्रामसभा ठरवते. पाणी उकळून प्या असं आशाताई सांगते, पण टाकीत ब्लिचिंग पावडर पडली की नाही हे ग्रामपंचायतीच्या हातात असतं. माणसाची तब्येत त्याच्या मनाच्या निर्धारावर चालते असं आपल्याला उगाच वाटतं. ती बरीचशी गावात काय सोपं आहे आणि काय अवघड आहे यावर चालते. पाच पावलांवर गुटख्याची पुडी मिळते आणि बीपी मोजायला अर्धा दिवस मोडावा लागतो, अशा गावात निर्धाराचं काय चालणार?

सुरुवात चालण्यापासूनच करू, कारण तिथेच मला लोक अडवतात. "आम्ही शेतकरी माणसं, दिवसभर वावरात राबतो, आम्हाला कशाला पाहिजे तुमचं मॉर्निंग वॉक?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच खरा आहे. आज एकाच गावात दोन प्रकारची शरीरं राहतात. एक झिजलेलं आणि एक गंजलेलं. निंदायला जाणारी बाई सकाळी स्वयंपाक करून निघते, दिवसभर कमरेत वाकून काम करते, परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसते. तिला व्यायाम सांगणं ही थट्टा आहे. तिला पाहिजे विश्रांती, पोटभर जेवण आणि लोह. दुसरीकडे तिचाच दीर किंवा मुलगा मोटरसायकलवर वावरात जातो, नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरने होते, तण फवारून मारलं जातं, सोयाबीन मशीनमधून निघतं. हंगामाचे काही आठवडे सोडले तर उरलेला दिवस पारावर, पानटपरीवर आणि मोबाईलवर जातो. दुकानदार, शिक्षक, ड्रायव्हर, घरी असलेली म्हातारी माणसं यांचंही तसंच. पण आपल्या मनात शेतकरी अजून बैलामागे चालतोच आहे. जेवणही त्याच हिशोबाने वाढलं जातं, बैलामागे चालणाऱ्याचं. मग पोट सुटतं, साखर वाढते, आणि आपण म्हणतो की युरियाचं खाऊन हे झालं.

हा प्रकार काही सुलतानपूरपुरता नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटींहून जास्त. उच्च रक्तदाब तर दर तीन प्रौढांमागे एकाला. हे शहरातले रोग आहेत असं म्हणून आता हात झटकता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान 150 मिनिटं दम थोडा वाढेल अशी हालचाल करायला सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणं. चालायची आपल्या लोकांना सवय नाही असं कोणी म्हणू नये. शेगावहून श्रींची पालखी पायी पंढरपूरला जाते, परतताना सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर असा आपल्याच भागातून प्रवास करते. त्या वारकऱ्यांत साठी ओलांडलेले कितीतरी असतात. पाय आहेत. जागा नाही.

सुलतानपूर फाट्यावरचं गाव. मेहकर-सिंदखेडराजा हा जुना मोठा रस्ता आणि लोणारला वळणारा रस्ता इथे भेटतात. सरोवर बघायला मेहकरकडून येणारा प्रत्येक जण इथूनच वळतो. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाल्यावर लांबची बरीच वाहनं तिकडे गेली, तरी रस्ता रस्ताच आहे. रस्त्याकाठच्या आपल्या गावांत पहाटे फिरायला निघणारे लोक डांबरी रस्त्याच्या कडेने अंधारात चालतात. ज्यांनी गुडघ्यासाठी चालायला सुरुवात केली त्यांचा जीवच धोक्यात. आणि बायका? त्या निघतच नाहीत. निघाल्या तर घोळक्याने, उजाडल्यावर, आणि तेही सासूने चार वेळा विचारल्यावर.

यावर ओपन जिम हा उपाय नव्हे. खेड्याखेड्यांत ती रंगीत लोखंडी यंत्रं बसवलेली मी पाहिली आहेत. उद्घाटनाला फोटो निघतात, पहिल्या पावसाळ्यात बेअरिंग जाम होतं, दुसऱ्या वर्षी त्यावर गोधड्या वाळत घालतात. (गोधड्यांना ऊन चांगलं लागतं, हे मान्य.) पैसा लावायचाच तर जमिनीवर लावा. ई-क्लासची सरकारी जमीन असेल, शाळेचं मैदान असेल, गावाबाहेरची एखादी पांदण असेल, त्यातली एक जागा निवडा. अतिक्रमण काढा, मुरूम टाका, दोन-चार दिवे लावा, बाजूने निंबाची झाडं लावा. पाचशे मीटरचा गोल फेरा झाला तरी पुरे, सहा फेऱ्यांत तीन किलोमीटर होतात. पांदण रस्त्यासाठी शासनाची योजना आहेच. त्याच पांदणीवर सकाळ-संध्याकाळ माणसं चालली तर रस्ता दोन्ही कामांना येतो. सायंकाळची एक वेळ फक्त बायकांसाठी ठेवा. आपल्याकडे हे असं ठरवून द्यावं लागतं, आपोआप होत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहिते. फाट्यावरचं गाव म्हणजे तिथे सतत उतारू. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली, बाजाराला आलेल्या बाया, दवाखान्यात निघालेल्या गरोदर. त्यांच्यासाठी पाणी असलेलं, कडी लागणारं, रोज झाडलं जाणारं स्वच्छतागृह हवं. ते नसलं की बाई काय करते? सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, मुतखडा, आणि उन्हाळ्यात चक्कर. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला अशा बाईला देऊन काही उपयोग नाही. स्वच्छतागृह बांधणं सोपं आहे, ते रोज धुतलं जाणं अवघड आहे. म्हणून ठरावात बांधकामाच्या रकमेच्या आधी धुणाऱ्याचा महिन्याचा पगार लिहा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी असतो. तो शिलाई मशीन वाटण्यात आणि हळदीकुंकवात किती गेला, हे महिला ग्रामसभेने एकदा विचारावंच.

दुसरी गोष्ट रक्ताची. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. निम्म्याहून जास्त. अंगणवाडीतून आणि दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात, घरोघरी त्या फळीवर पडलेल्या असतात. गोळीने मळमळतं, शौच काळी होते, म्हणून बाई घाबरून सोडून देते. शौच काळी होणं हा लोहाचा साधा परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र कधीच घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर ठेवावं, आणि गोळीसोबत लिंबू किंवा आवळा असला तर उत्तम. सगळ्यात मोठं औषध मात्र हे की बाईने शेवटी उरलेलं खाण्याची पद्धत घराने मोडावी. हे काही ग्रामसभेच्या ठरावाने होणार नाही. पण सभेला बसलेल्या प्रत्येक पुरुषाला घरी जाऊन करता येईल.

पाण्याबद्दल थोडक्यात. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, रोज पडते का, हे ओटी चाचणीने कळतं. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. दोन मिनिटांचं काम. टाकीजवळच्या नळाला चाचणी बरी येते. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला घ्या, खरं तिथे कळेल. रोजचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. आणि लग्नाकार्यात येणारे गार पाण्याचे जार शुद्धच असतात या समजुतीत राहू नका. गार असणं वेगळं, शुद्ध असणं वेगळं.

आता जेवण. इथे मी फार थांबणार नाही, कारण आपल्या आज्यांनी जे शिजवलं त्यात सुधारणा सुचवायची माझी पात्रता नाही. ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, घोळ, तांदुळजा, जवसाची चटणी, हुलग्याचं माडगं. वावरात सोयाबीन आलं, ज्वारी कमी झाली, भाकरीच्या जागी रेशनच्या गव्हाची पोळी आणि भात आला, एवढाच बदल मोठा. ज्वारी परत ताटात आणायची असेल तर एखाद-दोन ओळी घरापुरत्या पेरा. कडबाही होईल, गुरंही आशीर्वाद देतील.

ताटापेक्षा मला काळजी आहे ती ताटाबाहेरच्या खाण्याची. चहा पाहा. कोणाच्याही घरी गेलं की चहा, नाही म्हटलं की रुसवा. दिवसाकाठी सहा कप होतात. कपात दोन चमचे साखर धरली तरी बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभरात वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे जेवणाला बसण्याआधीच आपण दुप्पट ओलांडलेलं असतं. पाहुणचार बंद करा असं कोण म्हणेल? अर्धा कप द्या, साखर विचारून घाला. मिठाचंही तेच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचा, हा सांगितलेला हिशोब आहे. लोणचं, पापड, शेव, फरसाण आणि जेवताना भाजीवर वरून घेतलेलं मीठ धरलं तर आपण दुपारपर्यंतच तिथे पोहोचतो. वरून मीठ घेणं सोडलं तरी बराच फरक पडतो.

आणि शाळेच्या फाटकाजवळचे पाच रुपयांचे पुडे. शाळेच्या 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेल असलेले पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. तिथल्या दुकानदाराचंही पोट आहे, त्याचा एकदम पंचनामा करू नका. ग्रामपंचायतीने त्याच्याशी बोलावं, पुढच्या टेबलावर शेंगदाणे, फुटाणे, केळी, पेरू, हंगामात बोरं ठेवायला सांगावं. पुडे मागे गेले की मुलांचे हातही बऱ्याच प्रमाणात मागे जातात.

तंबाखूवर मात्र मला सावकाश बोलायचं आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्राचं एक विचित्र चित्र दिसलं. बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत, म्हणजे देशात सगळ्यात कमी राज्यांपैकी एक. पण तोंडात धरणारे जवळपास पंचवीस टक्के. आपला शत्रू धुराचा नाही, चुन्याचा आहे. राज्यात गुटख्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. नुसती सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू नसली तरीही. गालाच्या आतली चामडी हळूहळू पांढुरकी, कडक होत जाते, तिखट लागलं की भाजतं, मग तोंड पूर्ण उघडत नाही. घरी करून पाहण्यासारखी चाचणी सोपी आहे. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर लाजू नका, दंतवैद्याकडे जा. तोंडातला न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांहून जास्त राहिला तरी तेच. या टप्प्यावर पोहोचलेला माणूस वाचू शकतो. दुखायला लागल्यावर पोहोचलेल्याचं फार अवघड होऊन बसतं.

पोराला रागावून तंबाखू सुटत नाही. रागावणाऱ्याच्याच खिशात डबी असते. कायदा काय देतो ते आधी वापरा. शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांच्या आत तंबाखूची विक्री 2003 च्या कायद्याने बंद आहे. ती रेषा मोजून रंगाने आखा. दिसणारी रेषा ओलांडायला माणूस थोडा बिचकतो. ग्रामपंचायत कार्यालयात, सभेत, मंदिर-मशिदीच्या आवारात तंबाखू नाही, हा नियम सरपंचांपासून सुरू करा. डॉ. अभय बंग यांच्या मुक्तिपथ मोहिमेने 2016 पासून गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात दारू-तंबाखूवर गावागावांतून काम उभं केलं, ते गावाने ठरवल्यावरच उभं राहिलं. तिथली जंगलं आणि आपला माळ वेगळा, खर्रा आणि पुडी वेगळी, पण गावाचं मन तेच.

तंबाखूला जोडून फवारणी. हे कोणी एकत्र सांगत नाही म्हणून सांगते. औषध हाताने कालवायचं, पंप पाठीवर घ्यायचा, आणि मधेच त्याच हाताने तंबाखू मळून ओठाखाली ठेवायची. त्वचेतून जातं ते जातंच, वर असं तोंडातूनही जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पीक उंच वाढलेलं, हवा दमट, औषधांची मनमानी मिसळ, अंगावर साधा सदरा, अशी अनेक कारणं एकत्र आली. औषध काठीने ढवळा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दुपारच्या उन्हात फवारू नका, फवारताना तंबाखू, बिडी, पाणी काहीही नको, झालं की आधी साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुवा. चक्कर, घाम, लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणं दिसलं तर 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टर आधी तीच मागतात.

आता बीपी. हा आजार सभ्य माणसासारखा असतो, आल्याचं कळूच देत नाही. डोकं दुखलं तरच बीपी, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना काही म्हणजे काही होत नाही, आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. मग छत्रपती संभाजीनगर नाही तर अकोला, आणि दोन एकर गहाण. ते टाळणारी गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि साखर मोजण्याची सरकारी मोहीम आहे, आशाताईकडे त्याचा फॉर्म आहे. अडतं कुठे? लोक वावरात असतात आणि मोजणी सकाळी अकराला असते. मोजणी संध्याकाळी ठेवा, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. मंदिराच्या आणि मशिदीच्या, दोन्हींच्या भोंग्यांवरून एकाच दिवशी पुकारा. जवळच हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखांनी माणसं ओळीत बसून पुरी आणि वांग्याची भाजी जेवून उठतात, ट्रॅक्टरने वाढप होतं आणि गोंधळ होत नाही. ते ज्या मेहकर-लोणार भागातली माणसं करतात, त्यांना पाचशे जणांचा बीपी मोजणं जड जाऊ नये.

मोजताना घाई नको. आधी पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, बोलणं बंद. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको. वरचा 140 किंवा खालचा 90 पुन्हा पुन्हा आला तर तो बीपी. "गोळी लागली की सुटत नाही" म्हणून घ्यायचीच नाही, हे तर्कट आपल्याकडे फार. चष्मा लागल्यावर सुटत नाही म्हणून कोणी ठेचकाळत फिरत नाही. बरं वाटलं म्हणून गोळी मधेच बंद करणं तर सगळ्यात वाईट. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम महाराष्ट्रात आधी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाला. त्याचं सूत्र साधं होतं: ठरलेली औषधं, साठा संपू द्यायचा नाही, आणि जो महिन्याला गोळी न्यायला आला नाही त्याचं दार वाजवायचं. शेवटचं काम गावाला सहज करता येतं.

बीपीच्या रुग्णासमोर आणखी एक सापळा असतो, सलाईनचा. अंगात कणकण आली, निंदणीने कंबर धरली, की "एक बाटली लावून द्या". नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ताकद म्हणावी असं त्यात काहीच नाही. जो माणूस पिऊ शकतो त्याला हे मीठ शिरेतून, तीन-चारशे रुपये मोजून द्यायचं कारण नाही, आणि बीपी किंवा किडनीच्या रुग्णाला तर ते महागात पडू शकतं. अंगदुखीची गोळी रोज खाणंही तसंच. किडनी तक्रार करत नाही, सरळ संप करते. जुलाब-उलटी झाली, उन्हात काम करून पाणी गेलं, तर ओआरएसचं पाकीट. ते नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट.

एक आठवण करून देते. 2024 च्या डिसेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत झडू लागले. अडीचशेहून जास्त माणसं. आधी पाण्यावर संशय गेला, शाम्पूवर गेला, "टक्कल व्हायरस" अशी बातमी सुटली आणि त्या गावच्या पोरापोरींच्या सोयरिकी अडल्या. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, नमुने गेले. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी स्वतः फिरून, तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. मला त्यातून दिसतं ते असं, की आजारापेक्षा अफवेने जास्त माणसं कोमेजली. गावात उद्या काही वेगळं दिसलं, एकाच गल्लीत सगळ्यांना जुलाब, एकाच शाळेत सगळ्यांना ताप, तर व्हिडिओ काढण्याआधी आरोग्य केंद्राला कळवा. पाण्याची बाटली आणि धान्याची मूठ जपून ठेवा.

मनाचंही लिहायचं आहे, आणि ते शेवटी येतं म्हणून हलकं समजू नका. भाव पडला, कर्ज थकलं, की आपल्याकडचा माणूस बोलणं बंद करतो. जेवण कमी होतं, रात्री अंगणात येरझाऱ्या सुरू होतात, कधी न विचारलेली कागदपत्रं बायकोला समजावून सांगायला लागतो. ही लक्षणं शेजाऱ्याला आधी दिसतात. टेली मानसचा 14416 हा फुकटचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कृषी केंद्रात आणि सोसायटीच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा. आणि फोन करायला सांगण्याआधी त्याच्याजवळ तासभर बसा.

इतकं लिहून आता मागणी. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असतेच. तिची बैठक शेवटची कधी झाली, तिच्या खात्यावर आलेल्या निधीचं काय झालं, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यानंतर मला तुमच्याकडून एका वर्षापुरते तीनच ठराव पाहिजेत: चालायला एक उजेडाची जागा, फाट्यावर बायकांसाठी रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह, आणि महिन्यातून एक संध्याकाळ बीपी-साखरेची मोजणी. बाकी चहा, मीठ, तंबाखूचं घरोघरी होत राहील. कोणाला पटेल, कोणाला नाही. या तीन गोष्टींना मात्र पटण्याची वाट पाहायची नसते. त्यांना जागा, पगार आणि तारीख लागते.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला बसतात. त्याआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, तिथेच हे तीन विषय मांडून घ्या, म्हणजे मोठ्या सभेत कोणी "बायकांना विचारलं का" असं म्हणणार नाही. आणि सरपंच साहेब, या पत्रातलं दुसरं काही पटलं नाही तरी चालेल, पण हा विषय "आयत्या वेळचे विषय" या सदरात ढकलू नका. विषयपत्रिकेत पहिल्या पाचात घ्या.

आपली,
बुलढाणा जिल्ह्यातलीच एक लेखिका